वांचलेला वेळ कोणाचा?

शास्त्रपाठ : निर्गम ५:१-१९, अनुवाद ५:१२-१५, लूक १२:१३-२१.



या पाठांतील पहिला उतारा वाचतांना आपलें लक्ष सहसा विटांकडे व भुशाकडे जातें. मोशे व अहरोन हे फारोपुढें उभे राहून काय मागत होते, तें जरा निरखून पाहावें. त्यांनीं धान्य मागितलें नाहीं, मजुरी मागितली नाहीं, जमीनही मागितली नाहीं. तीन दिवसांची वाट रानांत जाऊन आपल्या देवाची उपासना करावयास मोकळीक द्यावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें. म्हणजे त्यांनीं वेळ मागितला. आणि फारोला तेंच सर्वांत अधिक झोंबलें. त्यानें असें ठरविलें कीं, हे लोक आळसावले आहेत, म्हणूनच त्यांस उपासनेची आठवण होते. करितां त्यांस यापुढें भुसा पुरवूं नये, तो त्यांचा त्यांनीं रानोमाळ हिंडून गोळा करावा, आणि विटांची गणती मात्र पूर्वींइतकीच भरावी. भुसा हें निमित्त होतें. लोकांच्या हातीं असलेला रिकामा क्षण काढून घेणें, हा खरा हेतु. ज्यास मान वर करावयास सवड नाहीं तो सुटकेचा विचार करीत नाहीं, हें तो राजा पुरतें जाणून होता.

हा उतारा आज वाचण्याचें कारण असें. यंत्र आलें म्हणजे वेळ वांचतो आणि पैसा आला म्हणजे मनुष्य आपल्या वेळेचा धनी होतो, असें आपण सर्वच मानून चाललों आहों. यांत खोटें असें कांहीं नाहीं. ज्या कामास आपल्या आजोबांस दिवस लागे तें आज घटकेंत होतें. परंतु तो वांचलेला वेळ कोणाच्या पदरांत पडला, हें आपण फारसें विचारीत नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर फार स्पष्टपणें देतो. आणि कोंकणांतून व देशावरून हजारों कुटुंबें त्या गिरण्यांच्या आश्रयास गेलीं असल्यामुळें तो कांहीं परक्यांचा इतिहास नव्हे.

मुंबईची पहिली सुताची गिरणी १८५६ सालीं ताडदेव येथें चालू झाली. शेतकऱ्याचें काम कष्टाचें असलें, तरी त्यास ऋतूंचा ताल असतो. पेरणीच्या दिवसांत जेवावयास फुरसत नसते, पण सुगी पदरीं पडली म्हणजे लग्नें आहेत, जत्रा आहेत, पाहुणेरावळे आहेत. गिरणींत असा ताल नव्हता. पहाटे भोंगा वाजला कीं चाळीच्या खोलींतून निघावें आणि अंधार पडेपर्यंत साच्यापाशीं उभें राहावें. दिव्यांची सोय नव्हती म्हणून सूर्य मावळला कीं काम थांबे. त्यामुळें उन्हाळ्यांत काम अधिक आणि हिवाळ्यांत थोडें कमी. आठवड्याची अशी ठराविक सुटी नव्हती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें ७ वर्षांखालील मुलांस कामास लावूं नये व ७ ते १२ वर्षांच्या मुलांकडून दिवसाला ९ तासांहून अधिक काम घेऊं नये, असा निर्बंध घातला. प्रौढ स्त्रीपुरुषांनीं किती तास राबावें, याविषयीं त्या कायद्यांत मर्यादा म्हणून नव्हती.

अशा स्थितींत नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) हे पुढें आले. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळ येथें गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनापुढें ठेवला. त्यांत पांच मागण्या होत्या. दर रविवारीं पूर्ण सुटी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा. आणि कामावर जायबंदी झालेल्यांची सोय व्हावी. वाचकांनीं या पांच मागण्या पुनः एकदां वाचाव्या. पहिल्या तिन्ही वेळेसंबंधीं आहेत. मजुरी वाढवा, असें त्यांत कोठेंही नाहीं. ज्यांस पोटभर अन्नाचीही शाश्वति नव्हती त्यांनीं सरकारदरबारीं सर्वांत आधीं वेळ मागितला! मोशेच्या मागणीशीं या मागणीचें किती साम्य आहे, हें सांगावयास नको.

मागणें मान्य होण्यास सहा वर्षें गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथें सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तींत दोन कामगार स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हे. पुढें १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्यांतून एक दिवस सुटी देणें बंधनकारक झालें.

येथें एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनीं प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. ज्या सरकारच्या कचेऱ्या रविवारीं बंद राहत त्याच सरकारास गिरण्यांचा रविवार कित्येक वर्षें दिसला नाहीं. चौथी आज्ञा आपल्या उपासनामंदिरांत दर आठवड्यास वाचली जात होती. परंतु ती कामगारांच्या पदरांत पडावी म्हणून झटला तो एक सत्यशोधक गृहस्थ, आणि ती ज्यांच्या पदरांत पडली त्यांपैकीं बहुतेकांस रविवार हा खंडोबाचा वार म्हणून प्रिय होता. देव आपली आज्ञा पाळवून घेण्यासाठीं आपल्याच मंडळीची वाट पाहत बसत नाहीं, असें यावरून दिसतें.

आतां यंत्राकडे वळूं. या शतकाच्या मागील शतकाच्या आरंभीं, म्हणजे १९०५ च्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. विजेसारखें वरदान दुसरें नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु त्या दिव्यांनीं कामगारांचें काय केलें? सूर्य मावळला कीं काम थांबे, हा जो एकच आडोसा त्यांस राहिला होता तो नाहींसा झाला. कित्येक गिरण्यांतून दिवसाचें काम १४ तासांच्याही वर गेलें, आणि त्याच वर्षीं या जादा तासांविरुद्ध कामगारांत मोठा असंतोष उसळला. दिवा तोच, साचा तोच. मालकाच्या दृष्टीनें वेळ वाढला, कामगाराच्या दृष्टीनें तो आटला. पाठोपाठ १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानास एकच प्रमाण वेळ लागू झाली. ती जुन्या मुंबई वेळेच्या ३९ मिनिटें पुढें होती. घड्याळांत सकाळचा आंकडा तोच राहिला, पण सूर्याकडे पाहिलें तर मनुष्य ३९ मिनिटें आधीं उठूं लागला. त्या जानेवारींत कांहीं गिरणी-कामगारांनीं या नव्या वेळेविरुद्ध कामच बंद पाडलें; आणि मुंबईच्या नगरपालिकेचीं घड्याळें तर पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ जुन्या वेळेवरच चालत राहिलीं. आज आपणांस याचें हसूं येतें. परंतु ज्याची झोंप कोणी न विचारतां कापली त्यास तें हसण्यासारखें वाटलें नाहीं.

यानंतर तास कमी होत गेले ते यंत्र सुधारलें म्हणून नव्हे, तर कायदा झाला म्हणून. १९११ सालीं कापडगिरण्यांतील पुरुषांस दिवसाला १२ तासांची मर्यादा पडली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें आठवड्यास ४८ तासांचा नियम घातला, पण हिंदुस्थानास सवलत म्हणून ६० तास दिले. ‘सवलत’ कोणास, हें वाचकांनीं ओळखावें. १९२२ सालीं ११ तास, १९३४ सालीं १० तास, आणि १९४८ च्या कायद्यानें दिवसाला ९ व आठवड्यास ४८ तास ठरले. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनीं १९३० सालीं असें भाकित केलें होतें कीं, शंभर वर्षांत संपत्ति इतकी वाढेल कीं मनुष्यास आठवड्यास १५ तास काम पुरे होईल. संपत्ति वाढली खरी. ते १५ तास कांहीं कोठें दिसत नाहींत.

गिरण्यांची गोष्ट शहरांतली, असें कोणी म्हणेल. मग आपल्या घरांतील जात्याकडे पाहूं. पवित्र शास्त्रांत दळणें हें ठायीं ठायीं दास्याचें चिन्ह म्हणून आलें आहे. मिसर देशांत सर्वांत खालची ती जात्यामागें बसणारी दासी (निर्गम ११:५). शमशोनाचे डोळे काढून त्यास बंदिशाळेंत दळावयास बसविलें (शास्ते १६:२१). तरी तें जातेंच गरिबाचा प्राण, म्हणून कर्जापोटीं तें उचलून नेण्यास नियमशास्त्राची मनाई आहे (अनुवाद २४:६). आपल्या आज्या-पणज्या कोंबडा आरवण्यापूर्वीं उठून त्या दगडास जुंपल्या जात. पुढें गांवोगांव पिठाची गिरणी आली आणि स्त्रियांच्या खांद्यावरचें एक मोठें ओझें उतरलें. जातें पुनः यावें, असें म्हणणारा पुरुष जात्यावर कधीं बसला नसावा.

परंतु त्या वांचलेल्या पहाटेचें झालें काय? जात्यावर बसलेली स्त्री ओवी गात असे. सासरचें दुःख, भावाची वाट, देवाचें नांव, सारें त्या ओवींत येई. कष्टाच्या वेळेवर तिनें आपला तेवढा ठसा उमटविला होता. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं खेड्यांतील स्त्रियांच्या तोंडून जमविलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. जातें गेलें, ओवी गेली. आणि मोकळा झालेला वेळ मात्र स्त्रीच्या हातीं राहिला नाहीं. तो पाणी भरण्यांत, मजुरीस जाण्यांत, मुलांच्या शाळेच्या डब्यांत वांटला गेला. भारत सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळेची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटें बिनमोल घरकामांत जातात. पुरुषांचीं ९७ मिनिटें, आणि तींही जे पुरुष घरकामास हात लावतात त्यांचींच. २०२४ च्या पाहणींत स्त्रियांचा आंकडा २८९ वर आला. गॅस आला, नळ आले, मिक्सर आला, आणि पांच वर्षांत दहा मिनिटें कमी झालीं! पुरुषांचींही नऊ मिनिटें कमी झालीं, हेंही सांगून ठेवितों.

पैसा माणसाच्या वेळेवर कसा बसतो हें पाहावयाचें असेल, तर ऊसतोडीचा हंगाम पाहावा. मराठवाड्यांतील व नगर जिल्ह्यांतील आपल्या अनेक मंडळ्यांतून दिवाळीच्या सुमारास घरेंच्या घरें रिकामीं होतात, हें पाळकांस सांगणें नको. हंगामापूर्वीं मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल लग्नास, औषधास, जुन्या देण्यास केव्हांच खर्च होते, आणि पुढचे पांच-सहा महिने त्या कोयत्याचे नसून मुकादमाचे होतात. थंडींत मध्यरात्रीं वाहन फडाशीं आलें कीं उठावें आणि मोळ्या भराव्या. मूल तापानें फणफणत असलें तरी खाडा पडूं नये. आपल्या मराठी शास्त्रांत फारोच्या अधिकाऱ्यांस मुकादम असाच शब्द वापरला आहे. ऊसतोडीच्या तळावर निर्गमाचा पांचवा अध्याय वाचला, तर त्या शब्दाचा अर्थ कोणासही समजावून द्यावा लागत नाहीं. मात्र मुकादमालाच सारा दोष देऊन मोकळें होऊं नये. निर्गमांतही इस्राएलांपैकींच नेमलेल्या नायकांस विटा कमी भरल्याबद्दल मार खावा लागला होता.

अलीकडे ऊस तोडणारीं यंत्रें आलीं आहेत. त्यांमुळें पाठ मोडणारें काम कमी होईल, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या हातचें काम यंत्रानें घेतलें त्याच्याकडे जो वेळ उरेल त्यास कोणी मोकळीक म्हणेल काय? प्रभु येशूच्या दाखल्यांत दिवस कलेपर्यंत बाजारांत उभे राहिलेले मजूर आहेत (मत्तय २०:६-७). त्यांस वेळच वेळ होता. त्यांचें उत्तर मात्र एकच, कीं आम्हांस कोणी कामास बोलाविलेंच नाहीं. कामानें भरलेला दिवस दुसऱ्याचा असूं शकतो, तसा रिकामा दिवसही दुसऱ्याचाच असूं शकतो. म्हणून प्रश्न किती तास वांचले हा नसून, त्या तासावर शब्द कोणाचा चालतो, हा आहे.

श्रीमंत तरी आपल्या वेळेचा धनी असतो काय? लूकाच्या बाराव्या अध्यायांतील त्या जमीनदाराकडे पाहा. त्याचें पीक इतकें आलें कीं कोठारें पुरेनात. तेव्हां त्यानें मनाशीं जो हिशेब केला त्यांतील चूक बारकाईनें पाहण्यासारखी आहे. त्यानें धान्य मोजलें आणि तें वर्षांत मांडलें. इतकें धान्य म्हणजे इतकीं वर्षें. आतां खावें, प्यावें व स्वस्थ असावें. धान्याचीं पोतीं आणि आयुष्याचीं वर्षें हीं एकाच मापानें मोजतां येतात, असें त्यास वाटलें. देवानें त्यास जी मुदत दिली ती वर्षांची नव्हती. ती त्या एका रात्रीची होती. आमोसाच्या काळचे व्यापारी तर याहूनही दीन. शब्बाथ केव्हां संपतो आणि आपण गहूं केव्हां विकावयास काढतों, याकडेच त्यांचे डोळे लागलेले (आमोस ८:५). विसाव्याच्या दिवशींही त्यांचा वेळ त्यांचा नव्हता. तो गव्हाचा होता.

आमोसाचे व्यापारी आज गरिबाच्या खिशांतही येऊन बसले आहेत. मोबाइल हें उपकारक यंत्र आहे. बाजारभाव कळतो, दूर गेलेल्या मुलाचें तोंड दिसतें, आजाऱ्यासाठीं गाडी बोलावितां येते. पूर्वीं या प्रत्येक कामास एक एक दिवस मोडे. पण त्याच यंत्रांतून मालकाची हांक रात्रीं दहा वाजतां येते, आणि कोणाची हांक नसतांही बोट आपोआप पडद्यावर फिरत राहतें. आपण जितका वेळ तेथें खिळून राहूं तितका कोणाचा तरी धंदा वाढतो, अशीच त्याची रचना आहे. फ्रान्स देशांत २०१७ पासून असा कायदा आहे कीं, मोठ्या कंपन्यांनीं कामाचे तास संपल्यावर नोकरास अशा हांकेपासून मोकळें राहतां यावें, यासाठीं कामगारांशीं बोलणीं करावीं. १८८४ सालीं परळच्या सभेंत सूर्यास्तास काम थांबवा असें जें म्हटलें गेलें, त्याच मागणीचें हें नवें रूप होय.

आतां अनुवादांतील आज्ञा वाचूं. शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणीं आहे. निर्गमांत तिचें कारण सृष्टीची उत्पत्ति हें दिलें आहे. अनुवादांत कारण निराळें आहे: तूं मिसर देशांत दास होतास, आणि परमेश्वरानें तुला तेथून काढिलें, हें विसरूं नको. आणि ही आज्ञा बोलते तरी कोणाशीं? ज्याच्या घरीं मुलगा व मुलगी आहे, दास व दासी आहे, बैल व गाढव आहे, ज्याच्या वेशींत परका राहतो, त्याच्याशीं. म्हणजे ज्याचा शब्द दुसऱ्यांच्या वेळेवर चालतो त्याच्याशीं. तुझ्याप्रमाणेंच तुझ्या दासदासींसही विसावा मिळावा, हा त्या वचनाचा रोख आहे. आपण मात्र ही आज्ञा बहुधा मजुराच्या तोंडावर फेकतों, कीं तूं रविवारीं उपासनेस कां आला नाहींस?

ज्याच्या हातीं दुसऱ्याचा वेळ नाहीं असा मनुष्य आपल्या मंडळींत विरळा. ज्यानें पाडव्यास सालगडी ठेविला त्यानें एका माणसाचें वर्ष घेतलें आहे. शेतीपंपास वीज अनेकदां रात्रींच मिळत आली. तेव्हां त्या काळोखांत दारें धरावयास सालगडी गेला कीं धनी, हें ज्याचें त्यास ठाऊक. ट्रॅक्टर आल्यावर बैलांस विसावा मिळाला. गड्यास मिळाला काय? आणि घरांत पाहावें तर रविवारीं उपासना आटोपल्यावर पुरुष ओट्यावर बसून उपदेशाची चर्चा करितात, त्याच वेळीं सून चुलीपाशीं पाहुण्यांच्या भाकऱ्या थापीत असते. उपदेशाचा विषय शब्बाथ हाच असला तरी यांत फरक पडत नाहीं! मार्थेला प्रभूनें सांगितलें तें आपण स्त्रियांस ऐकवितों (लूक १०:३८-४२). पण मरीयेस प्रभूच्या पायांशीं बसतां यावें म्हणून त्या दिवशींच्या जेवणाचें काय करावें, हें कोणा पुरुषानें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

हा पाठ चालविणाऱ्यांस एक सूचना. उपासनेची वेळ कोणी ठरविली व कोणाच्या सोयीनें, हा प्रश्न सभेंत मोकळेपणानें निघूं द्यावा. सकाळीं दहाची वेळ नोकरदारांस सोयीची असते. त्याच वेळीं मजुरीवर गेलेल्यांस ती नसते, आणि सायंकाळची वेळ स्वयंपाक करणारीस नसते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांसाठीं तळावर जाऊन, ज्या रात्रीं वाहन येणार नाहीं अशा रात्रीं, प्रार्थना घेतां येईल काय, याचा पंचांनीं विचार करावा. पुढच्या हंगामापूर्वीं आजाराच्या किंवा लग्नाच्या खर्चास मंडळीच्या फंडांतून थोडें कर्ज दिल्यास एखाद्या घराची उचल टळेल काय, हेंही हिशेब मांडून पाहावें. रक्कम लहान असली तरी तिच्यांत एका कुटुंबाचे पांच-सहा महिने असतात. मग उपस्थितांपैकीं प्रत्येकानें आपल्या घरच्या गेल्या रविवारची आठवण करावी: त्या दिवशीं पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण बसलें, कोण उभें राहिलें, आणि उपासनेस जें आलें नाहीं तें कोणाच्या कामामुळें?